भंडारा लागलेली जीप

९ जानेवारी

परत डायरी. मागची महिनाभर टिकली, मग तिच्यातच कादंबरी सुरू केली आणि दोन्ही बंद पडल्या. कादंबरी उलटी जाणारी होती, शेवटच्या वाक्यापासून पहिल्याकडं. दत्ताला दोन पानं वाचून दाखवली होती. त्याचं पालमला गॅरेज आहे. तो म्हणला, "रिव्हर्समध्ये किती लांब जाशील? मान दुखंल."

एम.ए. झालो, घरी आहे. बाबांना सगळा तालुका किशनराव गुरुजी म्हणून ओळखतो आणि मला गुरुजींचा सिद्धोधन म्हणून. रिटायर झाल्यापासून बाबा मला काहीच बोलत नाहीत. न बोलणं त्यांना लय चांगलं जमतं.

चालायलंय ते फक्त माझं पेज. 'धुळीतल्या गाड्या'. कुणाच्या गोठ्यात, कुणाच्या बाभळीखाली जुनी जीप पडलेली असते, मी जातो, फोटो काढतो, खाली दोन ओळी लिहितो. माझ्या कादंबरीला वाचक नाही, गंजलेल्या बंपरला आहेत. त्यातलेच एक पुण्याचे खळदकर. ते जुन्या जीपा जमवतात. परवा फोन करून म्हणले, कापाकापी न झालेली, इंजिन न बदललेली एक खरी जुनी जीप विकत मिळवून द्या. मग मराठवाड्याचं सगळं काम तुमचं. पुण्यात या, राहायची सोय मी करतो.

पुणे म्हणलं की मला कसं व्हायलंय ते इथं लिहीत नाही. डायरीलासुद्धा लाज असते.

आतापर्यंत मानवतला एक बघितली, तिच्यात डिझेलचं इंजिन बसवलेलं. गंगाखेडला एक, ती वरातीसाठी कापून लांब केलेली, नवरा-नवरी बसायला मागं मखर. दत्ता आज म्हणला, राणीसावरगावच्या पुढं एक धनगर जीप घेऊन मेंढरं चारतो म्हणं. मी हसलो.

"हास," दत्ता म्हणला. "आधी जाऊन ये, मग हास."

११ जानेवारी

हसलो नाही.

तूर काढून मोकळं झालेलं रान. मधोमध मेंढरं, त्यांच्याभोवती दोरीच्या जाळीचं कुंपण. वाघर म्हणतात तिला. कडेला तीन दगडांची चूल, घोंगड्या, एक कुत्रं. आणि माणसानं दारात बैल बांधावा तशी उभी जीप.

चपटे मडगार्ड. काच बिजागरीवर पुढं पाडून बॉनेटवर झोपवलेली. हिरवा रंग कधीकाळी असावा, आता तो मातीचाच झालाय. मी गाडीवरून उतरलो आणि नमस्कार घालायचा विसरून सरळ जीपपाशी जाऊन गुडघ्यावर बसलो. पुढच्या बंपरचा एक बोल्ट थुंकी लावून अंगठ्यानं घासला. त्याच्या डोक्यावर इंग्रजी एफ होता. दुसरा घासला. एफ. तिसऱ्यावरही.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एका कंपनीला जीपा पुरवणं झेपेना म्हणून फोर्डनंही तसल्याच बनवल्या, आणि आपल्या जवळजवळ प्रत्येक बोल्टवर आपलं अक्षर मारलं. हे मी फोटोत बघितलं होतं. आज माझ्या अंगठ्याखाली होतं. कुठं ती लढाई, कुठं हे तुरीचं रान. माझ्या अंगावर काटा आला. इथं मोठं वाक्य लिहायला पाहिजे, पण येत नाही. काटा आला, बस.

"काय हरवलं का?" मागून आवाज आला. भुजंगमामा. पांढरा फेटा, कमरेला पिवळी पडलेली कापडी पिशवी, डोळ्यांवर हात धरून माझ्याकडं बघत होते. मी नाव सांगितलं, बाबांचं सांगितलं. त्यांचा मुलगा बिरदेव बाबांच्या हाताखाली शिकलेला. मग मी एकदम घरचा झालो. मामांच्या बायकोनं, केवळामायनं, चहा टाकला. मेंढीच्या दुधाचा, लय दाट.

गाडी मामांच्या वडलांनी आणलेली. निजामाचं राज्य गेल्यावर मिल्ट्रीच्या गाड्यांचा हर्रास झाला, त्यात कुण्या ठेकेदारानं घेतली, त्याच्याकडून मामांच्या वडलांनी मेंढरं देऊन सोडवली. आधी बिऱ्हाड घोड्यावर असायचं. घोडं मेलं, त्याच्या जागी ही आली. इंजिन तेच, पेट्रोलचं. कागदं आहेत. मी विचारलं, कधी पळवली का हिला? मामा म्हणले, "पळवून कुठं जायचं? मेंढरू चालतंय तितकीच चालती."

मोठ्या गिअरशेजारी दोन लहान दांडे आहेत, चारी चाकं लावायचा एक आणि चाल कमी करायचा एक. तो दुसरा मामांच्या वडलांनी जो मागं ओढला तो आजपर्यंत पुढं ढकलला नाही. लढाईसाठी जन्मलेली गाडी, आणि साऱ्या जन्मात माणसाच्या चालीपेक्षा जोरात गेली नाही.

१२ जानेवारी

फोटो पाठवले. खळदकरांनी व्हिडिओ कॉल केला, बोल्ट जवळून दाखवा म्हणले. मी घरी होतो, काल बोल्टचा जवळून काढलेला फोटो होता, तोच दाखवला.  मग म्हणले, "काहीही करा, दुसऱ्या कोणाला कळू देऊ नका."

१५ जानेवारी

झालं! मामा हो म्हणले.

मला वाटलं होतं लय समजावावं लागेल. पण बिरदेवच माझ्या बाजूनं होता. त्याला पिकअप पाहिजे. मामांना संध्याकाळचं दिसत नाही, मागच्या महिन्यात त्यांनी जीप कॅनॉलच्या कडेला नेली होती. बिरदेव म्हणला, "आबा, तुमी बसा आता निवांत. पिकअपमधी सगळं बिऱ्हाड मावतंय." खळदकरांनी सांगितलेला आकडा मी सांगितला.  मामा जीपच्या मडगार्डवर हात ठेवून बसले होते. शेवटी म्हणले, "गुरुजींचं पोरगं मधी हाय. दिली."

मग कमरेच्या पिशवीतून हळदीचा भंडारा काढला, माझ्या उजव्या तळहातावर ठेवला, वरून स्वतःचा हात दाबला आणि बिरोबाचं नाव घेतलं. मी मनातल्या मनात अवघडलो. आमच्या घरी असलं काही नसतं. आजोबांनी छप्पनमध्ये देव सोडले ते सोडलेच. पण चांगलं वाटलं. कागदावर सही करण्यापेक्षा कितीतरी सुंदर. कधीतरी वापरीन लिहिण्यात.

परत येताना राणीसावरगावला हॉटेलात भजी घेतली. त्याआधी हात धुतला. पिवळं पाणी.

केवळामाय तेवढी जेव म्हणली नाही आज. कामात असेल.

१८ जानेवारी

आज त्यांचा तळ हलला. रान बदलायचं होतं, दुसऱ्या शेतकऱ्यानं खतासाठी मेंढरं बसवायला बोलावलं होतं. खळदकरांना गाडी चालतानाचा व्हिडिओ पाहिजे होता म्हणून मी सकाळीच गेलो.

बिरदेवनं हँडल मारलं. तिसऱ्या वेळी इंजिन धरलं, ढुग-ढुग-ढुग. आणि बसलेली मेंढरं उठली. सगळी. कुणी हाक दिली नाही, काठी आपटली नाही, कुत्रंसुद्धा जागचं हललं नाही. वाघर निघाली, मामांनी क्लच सोडला, जीप निघाली आणि तिच्या मागं ते सगळं रान निघालं. मला आधी तसंच वाटलं, की जमीनच उठून चालायलीय. मागच्या चाकाला नाक लागेल इतक्या जवळ पहिली मेंढरं, आणि मागं धूळ, आणि धुळीच्या आत आवाज. डांबरी रस्ता ओलांडताना गंगाखेडची एसटी थांबली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला नाही. इंजिन बंद करून तोही बघत बसला.

मी मोबाईल धरायचा विसरलो. अर्धा व्हिडिओ माझ्या चपलेचा आहे.

नव्या रानात मामांनी मला बोलावून गाडीच्या खोड्या सांगितल्या. दुसरा गिअर पडतो. तेल गळतं. ब्रेक आहे, पण त्याच्यावर भरवसा ठेवू नये. डाव्या बाजूला पत्रा सडलाय, बोट घालून दाखवलं. "साहेबाला सगळं सांग बरं का," म्हणले. मी म्हणलो, सांगतो मामा. असा विकणारा मी जन्मात बघितला नाही. मानवतवाल्यानं तर डिझेल इंजिन कंपनीचंच आहे म्हणून शपथ घेतली होती.

खळदकरांना सगळ्या खोड्या सांगितल्या. ते खूश झाले. खोड्या आहेत म्हणजे कोणी हात लावलेला नाही.

२० जानेवारी

मामांचा फोन, आज दोनदा. रेडिएटरही गळतो हे सांगायचं राहिलं होतं म्हणं. दुसऱ्या वेळी, पावसाळ्यात स्टार्ट होत नाही. मी म्हणलो, मामा, साहेबांना काही अडचण नाही, ते सगळं दुरुस्त करतात. पलीकडून म्हणले, "आसं का." आणि फोन तसाच चालू राहिला. मेंढरांचा आवाज येत राहिला बराच वेळ.

बाबांना ही सगळी गंमत सांगितली. भंडाऱ्याचंही. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "भुजंग शब्दाचा माणूस आहे," एवढंच म्हणले आणि माझ्याकडं बघत राहिले, वर्गात उत्तर यायची वाट बघावी तसं. मी म्हणलो, हो ना, म्हणून तर काळजी नाही. बाबा पेपर वाचायला लागले.

२२ जानेवारी

बिरदेवला वेगळीच काळजी. पिकअपच्या मागं मेंढरं येतील का? मला एकदम सुचलं. प्रयोगशील लेखक असण्याचा पहिल्यांदाच काही उपयोग. जीपचा आवाज रेकॉर्ड करायचा आणि पिकअपवर भोंगा लावून वाजवायचा.

आज दत्ताकडून स्पीकर घेऊन गेलो. जीपजवळ बसून आवाज नीट घेतला. मग जीप बंद. शेजारच्या रानातला ट्रॅक्टर मागून आणला, त्याच्यावर स्पीकर ठेवला, वाजवला. ढुग-ढुग-ढुग. हुबेहूब.

मेंढरांनी माना वर केल्या. स्पीकरकडं बघितलं. मग एकेक करून माना खाली घातल्या आणि चरायला लागली. मी आवाज वाढवला. कुत्रं तेवढं भुंकलं.

केवळामाय पदर तोंडाला लावून हसत होती. मग तिनं चहाचं भगुनं खाली ठेवलं, बिरदेवला म्हणली, "ढकल." गाडी न्यूट्रल केली. इंजिन बंद. मायलेकांनी जीप ढकलली, मीही हात लावला. चाकं फिरली तेवढी. आवाज म्हणाल तर फक्त आमच्या दमाचा. आणि मेंढरं उठून यायला लागली.

मी म्हणलो, माय, हे कसं काय?

तिनं मला जीपच्या मागच्या बाजूला नेलं. आत कडबा, त्याच्यावर घोंगडी, त्याच्यावर सकाळी जन्मलेली दोन कोकरं, अजून ओली. "आमच्यात वाटंवर मेंढी व्यायली की पिल्लू ह्याच्यात," ती म्हणली. "थंडी आसली की आधी बॉनेटवर ठिवायचं. इंजन गरम आसतंय, अंग वाळतंय. मग आत. पायात जोर येस्तोवर हितंच." तिनं हात फिरवला, त्या सगळ्या कळपावरून. "ह्यातलं एक न्हाई जे ह्याच्यात निजलं न्हाई. ह्येंच्या माया बी. त्येंच्या माया बी."

बॉनेटवर मधोमध एक जागा गुळगुळीत झालीय, देवळाच्या उंबऱ्यासारखी. मला ती पहिल्या दिवसापासून दिसत होती. मी ती घासून गेलेला रंग म्हणून फोटोत घेतली होती.

आवाज नाही, वास नाही, मला वाटतं घर. त्यांचं घर पुढं चालतं, म्हणून ती मागं चालतात. मी तिथं उभा होतो आणि मला माझं सगळं लिहिणं एकदम लहान वाटलं, आणि गंमत म्हणजे वाईट वाटलं नाही.

निघताना माय म्हणली, "पुण्याच्या साहेबाचं मन बदललं तर रं?"

मी म्हणलो, "बिलकुल बदलणार नाही माय. तू काळजीच करू नको."

ती "बरं" म्हणली आणि चूल सारवायला लागली. रानातली चूल, दोन दिवसांनी उठायची, तरी सारवतात.

२३ जानेवारी

कोकरांची गोष्ट खळदकरांना लिहून पाठवली. चांगली उतरली होती. त्यांचा लगेच फोन, "अहो, ही तर गाडीबरोबर सांगायची गोष्ट झाली, गाडीचं मोलच वाढलं." सोमवारी ट्रक येतोय. मंगळवारी मीही पुण्याला निघायचं. आईनं आजच धपाट्याचं पीठ काढून ठेवलं.

दिवसभर अंगात कसकस. आनंदाची असेल.

२७ जानेवारी

हे आजच लिहायला पाहिजे, उद्या मी ते नीटनेटकं करून टाकीन.

ट्रक दहाच्या सुमाराला आला, मागं उतरता पत्रा असलेला, गाड्या ओढून चढवायचा. ड्रायव्हर सरळ माणूस, कामाशी काम. मामांनी जीपला ओवाळलं. केवळामायनं आतला कडबा काढला, घोंगडी झटकून घडी केली. आतली कोकरं बिरदेवनं उचलून वाघरीत सोडली. मी फोटो काढत होतो.

तारेनं ओढून जीप वर चढली. बांधली. आणि मेंढरं आली.

वाघर पाडून आली. ट्रकच्या भोवती गोळा झाली, पुढं, मागं, चाकांच्या मधी. ओरडत नव्हती, तेच वाईट होतं. नुसती उभी राहिली, वर बघत, जीप निघायची वाट बघत. ड्रायव्हरनं ट्रक सुरू केला, एकही हललं नाही. तो काच खाली करून म्हणला, "काका, जनावरं काढा. चाकाखाली येतील."

मामा पुढं झाले. हातात काठी. आणि मेंढरांना मारायला लागले. मी त्यांना कधी काठी उगारताना बघितलं नव्हतं. बिरदेवनंही बघितलं नसावं, तो जागच्या जागी थांबला. मामांना नीट दिसत नाही, कुठंही काठी पडत होती, पाठीवर, पत्र्यावर, चाकावर. मेंढरं चार पावलं मागं व्हायची, परत तिथंच यायची. मामा रडत होते आणि मारत होते आणि म्हणत होते, "व्हा मागं, व्हा, इकलीया तिला, इकलीया."

पलीकडं केवळामाय उभी होती, जिथं जीप उभी असायची तिथं. तिच्या हातात नुकतं जन्मलेलं पिल्लू. ह्या गडबडीत कुठंतरी मेंढी व्यायली होती. माय सवयीनं तिथं आली असणार. खाली तेलाचा डाग होता, बाकी काही नव्हतं. ती पिल्लू घेऊन त्या डागाकडं बघत उभी होती.

मी जाऊन मामांचा हात धरला. मामा, थांबा.

"थांबून कसं? भंडारा उचललाय."

मी म्हणलो, मन नसेल तर कशाला द्यायलात?

"मनाचं काय इचारतो आता? मला न्हाई म्हणता येत न्हाई."

आणि तेव्हा, म्हणजे आत्ता कुठं, माझ्या डोक्यात उजेड पडला. मी विचारलं, "आणि मी नको म्हणलो तर?"

मामांनी काठी खाली केली.  केवळामायच तिथून म्हणली, "माय माय माय. इतक्या दिसापासनं दुसरं काय सांगायलेत ते तुला? गिअर पडतंय, तेल गळतंय, पत्रा सडलाय. गुरुजींचं पोरगं म्हणून तुज्या पाया पडायचं तेवढं राहिलंय."

बिरदेव हसला. इतक्यातही हसला. मग तोंड पुसलं आणि माझ्याकडं न बघता म्हणला, "पिकअपचं बघू नंतर."

मला पुणे दिसलं. खोटं कशाला लिहू. खोली, खिडकी, तिथला मी. लय स्पष्ट दिसलं आणि तसंच राहिलं तिथं.

मामांना म्हणलो, मला जीप नको. मामांनी मान हलवली. नुसतं म्हणून चालत नाही. ज्यानं हातावर घेतला त्यानंच परत ठेवायचा. त्यांनी पिशवी सोडली, चिमूटभर भंडारा माझ्या तळहातावर ठेवला आणि पिशवीचं तोंड माझ्यासमोर उघडं धरलं.

"मामा, मी देव मानत नाही," मी म्हणलो. "खोटं कसं करू?"

"देवाला सांग म्हणलं का कुणी?" मामा म्हणले. "मला सांग."

मी त्यांच्याकडं बघून म्हणलो, "मामा, तुमचा शब्द तुम्हाला परत." आणि तळहात पिशवीत उलटा केला.

जीप खाली उतरली तशी मेंढरं दोन्हीकडं सरकली, वाट करून दिली. चाकं मातीला लागली. केवळामाय आली आणि पिल्लू बॉनेटवर ठेवलं, त्या गुळगुळीत जागेवर. इंजिन थंड होतं. बिरदेवनं न सांगता हँडल मारलं.

ट्रकवाला निघायच्या आधी मोबाईलवर त्या पिल्लाचा फोटो काढून गेला.

२८ जानेवारी

खळदकर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणले, "शब्द तुम्हीही मला दिला होता, सिद्धोधन." ते खरं आहे. त्यांच्या ट्रकची रिकामी फेरी झाली, तेही खरं. त्यांना दिलेला शब्द परत घ्यायला माझ्याकडं पिशवी नाही. माफी मागितली. त्यांनी नंबर ब्लॉक केला असावा, एकच टिक येतेय.

काल घरी आलो तेव्हा बाबा ओट्यावर होते. माझ्या हाताकडं बघितलं. रेघांमध्ये पिवळं बसलं होतं. मी सगळं सांगितलं. मला वाटलं, आता तरी काही म्हणतील. त्यांनी आत आईला आवाज दिला, "सुला, ते धपाटे पुण्याला जात नाहीत. गरम असतानाच वाढ त्याला." मग माझ्या शेजारी बसून दोन खाल्ले.

पेजवरून जीपचे फोटो काढून टाकले. खाली लोक विचारायलेत, ती गाडी कुठं गेली.

२ फेब्रुवारी

तळ परत हलायचा होता. बिरदेवचा फोन, आबांना आज बिलकुल दिसेना झालंय, मी मागच्या मेंढरांसोबत आहे, तू येतोस का. मी म्हणलो, मला जीप चालवता येत नाही. तो म्हणला, तिला येतंय.

मामा शेजारी बसले. मांडीवर एक कोकरू, मागं तीन. ते सांगतील तसा मी क्लच सोडला. गाडी एकदा झटकली, मग चालायला लागली. चालली म्हणजे माणूस चालतो तशी. स्टेअरिंग सारखं हातात थरथरत होतं, काहीतरी जिवंत धरल्यासारखं. तेलाचा वास, कडब्याचा वास, ओल्या लोकरीचा वास. पुढं हरभऱ्याचं रान, त्याच्या पलीकडं गोदावरीकडची झाडी. मी एवढ्या हळू कुठंच गेलो नव्हतो.

पण मागून काही ऐकू येईना. इंजिनचाच आवाज. जीपला आरसा नाही. कधीच नव्हता, त्याचं तर भोकही पाडलेलं नाही. माझा जीव घाबरा झाला. कदाचित माझ्या मागं येत नसतील. मामांच्या मागं येतात, माझ्या कशाला येतील? मी मान वळवायला गेलो तशी जीप बांधाकडं सरकली.

मामांनी स्टेअरिंगवर हात ठेवून ती सरळ केली. डोळे मिटलेलेच होते त्यांचे.

"म्होरं बघ," ते म्हणले. "यायलेत."